येते म्हणून गेलेली बाई

ही गोष्ट खरी आहे. खोटी असती तर मी शेवट तरी नीट केला असता.

कोल्हापूर, मंगळवार पेठ. साल १९८५. श्रावणातली रविवारची संध्याकाळ. ज्या घरात हे घडलं ते घर आजही तिथंच आहे. मला विचारलंत तर रस्ता सांगेन. सोबत मात्र येणार नाही.

अंजना माझी मावसबहीण. मी तिला ताई म्हणतो. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे वाढवून सांगायची तिला सवय नाही. तिनं हे मला एकदाच सांगितलं, तेही निवडायला घेतलेल्या तांदळावरून नजर न उचलता.

आधी एक साधी गोष्ट. आपल्याकडं घरातून निघताना 'जाते' म्हणत नाहीत. 'येते' म्हणायचं. मग घरच्यानं 'या' म्हणायचं. निघालेल्याला परत यायचं नसतं, घरच्यालाही तो यायला नको असतो. तरी दोघं हे बोलतात. ह्याला संस्कार म्हणतात.

अंजनाताई आता कुणालाही 'या' म्हणत नाही.

पेठेत तिला शिष्ट म्हणतात.

पण ती शिष्ट नाही...

अंजनाचं लग्न दादासोशी झालं. दादासो उद्यमनगरात एका कारखान्यात सुपरवायझर. आवाज असा की लेथ चालू असतानाही ऐकू यावा, आणि घरीही तोच आवाज. माणूस भला. लग्नानंतर दोनदा पाळणा माळ्यावरून खाली आला आणि दोनदा तसाच माळ्यावर परत गेला. तिसऱ्यांदा आला तो राहिला. पोरगं झालं. जेमतेम अडीच किलो वजन आणि नाव ठेवलं इंद्रजित. कोल्हापुरात नावात काटकसर करत नाहीत.

अंजना त्या पोराला झोपेतही हात लावून बघायची. श्वास चालू आहे ना.

रजा संपली. शाळेत जाणं भाग होतं. पोराला सांभाळायला कुणीतरी हवं होतं. शेजारच्या धोंडुबाईनं एक बाई आणली.

"चंदगडाकडची हाय. इधवा. पुढं-मागं कोन न्हाय. सोन्यावानी बाई!" धोंडुबाई म्हणाली.

ही झुंबरबाई.

उंच, हाडकुळी, हिरवं लुगडं, मोकळं कपाळ. हात मात्र मोठे, पुरुषासारखे. सकाळी यायची, न्हाणीत पाय पसरून बसायची, पोराला पायांवर घ्यायची. तेल, मालिश, कढत पाणी. मग ओवा-वावडिंगाची धुरी. मग फडक्यात असं घट्ट गुंडाळायची की पोराचं फक्त नाक बाहेर. गाठ उजव्या खांद्याशी, उलटी. तशी गाठ अंजनाला कधी मारता आली नाही.

आणि शेवटी तीट. गालावर नाही. डाव्या कानामागं.

"गालावर का नाही लावत?" अंजनानं एकदा विचारलं.

"गालावरची सगळ्यांस्नी दिसती, वैनी. कानामागची जिला दिसाया पायजे तिलाच दिसती."

अंजनाला वाटलं, असेल काही रीत.

एक गोष्ट मात्र होती. रडणारं पोर झुंबरबाईच्या हातात गेलं की बंद. रेडिओचं बटण पिळल्यासारखं. आणि अंजना शाळेतून येऊन म्हणायची, "द्या इकडं," तर झुंबरबाई म्हणायची, "देते की."

आणि द्यायची नाही.

दुसऱ्यांदा मागावं लागायचं. कधी तिसऱ्यांदा.

आधी अंजनाला ह्याचं हसू यायचं.

त्याच सुमाराला दादासोनं टीव्ही घेतला. काळा-पांढरा, लाकडी शटरचा. गल्लीतला पहिला. टीव्ही आला तशी गल्लीही आली. रविवारी संध्याकाळी घरात मुंगीला जागा नसायची. शेजारचा रशीद वायरमन, त्यामुळे अँटेनाचा मान त्याचा. तो पत्र्यावर चढायचा आणि पाइप फिरवत ओरडायचा, "आलं काऽ?"

खालून दादासो ओरडायचा, "आलं... आलं... गेलं! फिरीव! आलं!"

त्या रविवारी नवी मालिका लागली. तीन भागांची. हिंदीत. नाव आता कुणाला आठवत नाही. थंड हवेच्या गावात बंगला, नोकरी करणारी आई, तान्हं बाळ, आणि त्याला सांभाळायला ठेवलेली आया. आया गोड बोलायची. गोड हसायची. आई घराबाहेर पडली की हसू उतरवून ठेवायची, चष्म्यासारखं.

झुंबरबाईही बघत होती. उंबऱ्याजवळ बसून, मांडीवर बाळ.

"ह्या बाईला पोरगं धरायाच येत न्हाय की," ती मधेच म्हणाली. "उसाची मोळी धरल्यागत धरलंय. मान बगा की लेकराची!"

सगळे हसले. रशीदची आई अमीरबी म्हणाली, "आगं, तिला पोरगं धरायचं न्हाय, पगार धरायचा हाय."

आणि तेवढ्यात पडद्यावरच्या आयानं दुधाच्या पेल्यात काहीतरी टाकलं. चमच्यानं ढवळलं. चमचा मोठा मोठा होत सगळ्या पडद्यावर पसरला.

ढॅण्‌!

घरातली यच्चयावत माणसं दचकली.

मग एकेक मान वळली... उंबऱ्याकडं.

झुंबरबाईच्या मांडीवर बाळ झोपलं होतं.

ते दचकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडुबाई कुंपणावरून म्हणाली, "वैनी, हिच्या पयल्या घरात काय झालतं म्हाईत हाय का?"

अंजना कुंपणाजवळ सरकली. "काय झालं होतं?"

"मलाबी म्हाईत न्हाय. पन कायतरी झालं असंल की. न्हायतर सोडलं कशाला?"

"अहो, तुम्हीच आणलीत ना तिला?"

"तवा टीव्ही कुटं हुता?" धोंडुबाई म्हणाली.

अंजना शाळेत गेली. फळ्यावर गणित मांडलं आणि पुढं तिला काही सुचेना. सगळीकडं तो चमचा दिसत होता. मधल्या सुट्टीतच ती घरी आली.

घरात आवाज नव्हता.

बाळ पाळण्यात. झोपलेलं. बाजूला सहाण, तिच्यावर उगाळलेलं काहीतरी तपकिरी. झुंबरबाई पाळण्याची दोरी धरून बसलेली, तोंड मिटून एकाच सुरात गुणगुणत होती... हूं... हूं... हूं...

"काय घातलंत ह्याला?"

"गुटी."

"कशाची?"

"जायफळ. वेखंड."

"किती?"

"लागंल तेवडं."

अंजनानं बाळाला उचललं. मान मागं पडली. तिनं हलवलं. उठेना. तिनं जोरात हलवलं, नावानं हाक मारली, गालावर चापट्या मारल्या. बाळानं डोळे उघडले आणि किंचाळलं.

झुंबरबाई पहिल्यांदाच उठून उभी राहिली.

"झोपंतनं असं उपसू नये लेकराला, वैनी," ती हळू म्हणाली. "अर्धं तितंच ऱ्हातं."

त्या संध्याकाळी दादासोनं तिचा हिशोब केला. "मावशी, उद्यापास्नं येऊ नगा. आमचं आमी बगतो."

ती भांडली नाही. रडली नाही. गाठोडं काखेत मारलं. पाळण्यापाशी गेली. बराच वेळ बघत उभी राहिली. मग दारात येऊन वळली.

"येते," ती म्हणाली.

आणि अंजनाच्या तोंडून, जसं आजवर हजार वेळा आलं होतं तसंच, आलं...

"या."

दादासो ओरडला, "आगं 'या' काय म्हंतीस! आत्ताच येऊ नगा म्हटलं न्हवं का तिला?"

"सवयीनं आलं हो तोंडात."

झुंबरबाई पायरीवर थांबली होती. तिनं अंजनाकडं बघून मान डोलावली. सावकाश. करार झाल्यासारखी.

"व्हय," ती म्हणाली. "येते की."

मंगळवारी अंजना घरीच राहिली. बुधवारी पहाटेच्या गाडीनं शिरोळहून दादासोची थोरली बहीण आली. आक्का. आक्कानं पाच पोरं वाढवली होती, आणि त्यातलं एकही तिच्यापुढं मोठ्यानं बोलत नसे. ती आली आणि अंजना धावतच शाळेला गेली. दूध कुठं आहे तेवढं सांगितलं. बाकी सांगायला वेळ नव्हता.

दुपारी परत आली तर आक्का खुशीत.

"बाई चांगली मिळालीया गं तुला. काय आंगूळ घाटली पोराला!"

अंजना दारातच थांबली.

"कोणती बाई?"

"आता कोनती म्हंजे? तुजी. उंच हाय न्हवं? हिरव्या लुगड्याची. दारात येऊन म्हनली, 'आले.' मी म्हनलं ये बाई, बरं झालं, माजं गुडघं दुकत्यात. च्या दिला तर प्याली न्हाय. मागनं पिते म्हनली."

ओट्यावर कप तसाच होता. भरलेला. वर साय धरलेली.

घरात ओव्याच्या धुरीचा वास होता.

अंजनानं पाळण्यात बघितलं. बाळ घट्ट गुंडाळलेलं. गाठ उजव्या खांद्याशी.

उलटी.

तिनं बोटानं डावा कान पुढं केला...

तीट ओली होती.

दादासो कामावरून आला आणि हे ऐकून तसाच बाहेर पडला. चपला न घालता. झुंबरबाई तिच्या पुतण्याकडं राहायची. पिराजी, एस्टी स्टँडवर हमाल. आता तिला असं दम देतो की पुन्हा गल्लीत पाय ठेवायची नाही, असं म्हणत दादासो गेला. पेठ ओलांडेपर्यंत दम तोंडपाठ झाला होता.

पिराजी खोलीच्या बाहेर दगडावर बसला होता.

त्याच्या डोक्यावर केस नव्हते.

दादासोचा दम तिथंच संपला.

"कवा?" त्यानं विचारलं.

"काल," पिराजी म्हणाला. "सकाळच्या चंदगड गाडीनं निगालती. गाडीत बसल्या बसल्या गेली. कंडक्टर वळकीचा. म्हनला, म्हातारीला इच्यारलं, मावशी, कुटं जायाचं? तर म्हनली, 'जायाचं न्हाय बाबा, यायाचं हाय.' मग तिकीट काढलं. मग खिडकीला डोस्कं टेकलं. मला सांगावा आला, मी गेलो. काल सांजचं उरकलं बी."

"काल सांजचं?"

"व्हय. का वो दादासो?"

दादासो त्याच दगडावर बसला.

घरी आला तेव्हा अंजना पायरीवर उभी होती.

"लागला पत्ता?"

"लागला."

"कुठं आहे ती?"

"न्हाय," दादासो म्हणाला.

त्या वेळी ह्या उत्तराचा अर्थ तिला लागला नाही. मग लागला.

दुसऱ्या दिवसापासून अंजनानं शाळा बंद केली. दाराला आतून कडी. बाळाची अंघोळ ती स्वतः घालू लागली. भूत रात्री येतं असा आपला समज आहे. भुताला दुसरं काम नसेल तर येत असेल. झुंबरबाई मात्र कामावरची बाई होती. ती तिच्या वेळेला यायची. भर सकाळी, उन्हात, शेजारणी नळावर भांडत असताना.

अंजना टॉवेल आणायला वळायची...

परत बघेपर्यंत बाळ पुसलेलं असायचं.

दूध गरम करायला आत जायची. बाहेर पाळण्याची कडी वाजायची... कर्र... कर्र... बाहेर आली की पाळणा स्थिर. दोरी मात्र ताणलेली. कुणीतरी धरल्यासारखी. मग हळूच सैल पडायची.

आक्कानं मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. अमीरबीनं दर्ग्यातून दोरा आणून बाळाच्या दंडात बांधला. सकाळी दोरा पाळण्याच्या बाजूला पडलेला. तुटलेला नव्हता. सोडून, घडी करून, नीट ठेवला होता.

पण सगळ्यात वाईट हे नव्हतं.

सगळ्यात वाईट हे, की बाळ रडेनासं झालं.

भूक लागली तरी नाही. ओलं झालं तरी नाही. एकदा अंजनाच्या कडेवर असताना शेगडीचा चटका बसला, हात लाल झाला. त्यानं हाताकडं बघितलं. मग वर बघितलं, अंजनाच्या डोक्याच्या थोडं वर, मागं...

आणि हसलं.

डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी वजन केलं. कमी भरलं. "बाकी काही नाही," ते म्हणाले. "शांत मूल आहे. नशीबवान आहात. माझी दोन्ही बघा येऊन एकदा."

अंजनानं रात्र रात्र त्याला छातीशी धरलं. श्वास चालू होता. पण ते तिच्याकडं बघत नव्हतं. घरात असून नसल्यासारखं. तिच्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. अर्धं तितंच ऱ्हातं...

उरलेलं अर्धं कुणी न्यायला आलंय का?

रविवार आला.

घरात भूत आहे, ही गोष्ट खरी होती. पण मालिकेचा दुसरा भाग होता. त्यामुळे गल्ली आली. नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि धोंडुबाईला कारण सांगणं म्हणजे आकाशवाणीला सांगणं. दादासोनं शटर उघडलं.

घर गच्च भरलं. मांडीला मांडी. लोक खिडकीत बसले, फळीवर बसले.

उंबऱ्याजवळची जागा मोकळी होती.

"तितं कुनी बसंना कसं?" अमीरबी म्हणाली. "ए धोंडे, सरक की तिकडं."

धोंडुबाई सरकली. बसली. आणि लगेच उठली.

"फरशी वली हाय," ती म्हणाली. आणि कुणाच्या तरी अंगावरच जाऊन बसली.

पडद्यावर मुंग्या आल्या. वरून रशीद ओरडला, "आलं काऽ?"

"न्हाय! फिरीव!" दादासो.

"आता?"

"न्हाय!"

"आता आलं काऽ?"

उंबऱ्याजवळून आवाज आला...

"आले."

चित्र लख्ख दिसू लागलं. पडद्यावरची आया हसत होती. रशीद खाली उतरून हात पुसत म्हणाला, "आले कोन म्हनलं रं? बाईचा आवाज हुता."

सगळे टीव्ही बघत बसले. तो भाग कुणाच्याही लक्षात राहिलेला नाही.

त्या आठवड्यात आक्कानं अंजनाला न्हाणीत नेऊन विचारलं. पहिल्यापासून. कोण काय म्हणालं, शब्दाला शब्द. अंजनानं सांगितलं. 'या'पाशी आली तेव्हा आक्कानं तिचा हात धरला.

"तू तिला या म्हनलीस?"

"सवयीनं, आक्का."

"तुला सवय असंल. तिला कोन या म्हनलं असंल जल्मात? जिकडं गेली तिकडं जा म्हनत्यात अशा बाईला. तू या म्हनलीस. ती आली." आक्कानं हात सोडला. "आता तूच जा म्हन. सोताच्या तोंडानं. दुसऱ्या कुनाचं ऐकायची न्हाय ती."

"घरात तान्हं आहे, आक्का. 'जा' कसं म्हणू?"

"न्हाय म्हनलीस तर तान्हं ऱ्हाईल का, ते बग."

अंजना गणितवाली. तिनं हिशोब मांडून बघितला. दुसरं उत्तर येत नव्हतं.

पण जीभ उचलेना. सकाळी पाळण्याची दोरी ताणलेली दिसली की ती तोंड उघडायची... आणि मिटायची.

तिसरा रविवार. शेवटचा भाग.

बाहेर पाऊस होता. बाळ पाळण्यात. दिवसभरात त्यानं दूध तोंडात धरलं नव्हतं. डोळे उघडे. अंजना पाळण्याकडं पाठ करून बसली होती. गल्ली टीव्हीकडं बघत होती, आणि पडद्यावर एक इन्स्पेक्टर सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून सांगत होता की ह्या घरातला गुन्हेगार कोण, ते आता कळणार आहे. आया कोपऱ्यात उभी होती. कॅमेरा तिच्याकडं निघाला. तिनं तोंड उघडलं...

लाईट गेली.

"आरं तुज्या!" दादासो ओरडला. सगळे एकदम बोलू लागले. कुणी काडेपेटी शोधत होतं, कुणाचा पाय कुणावर पडत होता.

आणि अंजनाच्या पाठीला पाळणा लागला.

तो हलत होता.

कर्र... कर्र...

धुरीचा वास आला. इतका दाट, की घसा खवखवला. आणि कानाशी, अगदी कानाशी... हूं... हूं... हूं...

अंजना उठली. अंधाराकडं तोंड केलं. हात जोडले होते की मुठी वळल्या होत्या, तिला आठवत नाही.

"झुंबरबाई," ती म्हणाली. "जा. परत येऊ नका. जा तुम्ही."

सगळी गल्ली गप्प झाली.

पाळणा थांबला.

गुणगुणणं थांबलं.

मग अंधारातून आवाज आला. शांत. जुनाच. त्यात राग नव्हता, आणि तेच भयंकर होतं.

"बरं... जातो आमी."

आमी.

अंजनानं पाळण्यात हात घातला.

दुपटं होतं. उशी होती. ऊब होती.

बाळ नव्हतं.

तिनं दोन्ही हातांनी चाचपलं. कोपरे, दोऱ्या, खालची फरशी. लोकांचे पाय. काही नाही. आणि दाराकडं, अंधारात, ओल्या पावलांचा आवाज. घाई नसलेला. चप्... चप्... उंबऱ्यापर्यंत गेलेला...

"नको!" अंजना किंचाळली. "झुंबरबाई, नको! या! परत या! या म्हणते मी! तुम्हीच सांभाळा, पण या... या... या!"

पावलं थांबली.

किती वेळ, ते कुणालाच सांगता येत नाही. गल्लीतल्या प्रत्येकाला विचारलं तर प्रत्येक जण वेगळं सांगतो. मी पत्रं लिहून विचारलंय.

मग उंबऱ्याजवळून कुणीतरी म्हणालं...

"येते की."

पाळण्याची कडी वाजली. कर्र. दोऱ्यांवर वजन आलं.

आणि बाळ रडलं. दोन आठवड्यांनी. असं फाटून, असं संतापून, की पुढच्या गल्लीतले लोक बाहेर आले.

लाईट आली तेव्हा टीव्हीवर बातम्या चालू होत्या.

त्या आयानं दुधात काय टाकलं होतं, तिनं केलं होतं की नव्हतं, हे त्या गल्लीत आजतागायत कुणाला माहीत नाही. त्या आठवड्यात रशीदनं स्टँडपासून शिवाजी पेठेपर्यंत चौकशी केली. त्या वेळी सगळ्याच कोल्हापूरची लाईट गेली होती.

दादासोनं महिनाभरात टीव्ही विकला. घर विकायला काढलं होतं. गिऱ्हाईक आलं, बघून गेलं. निघताना "येतो" म्हणालं. अंजना नुसती बघत राहिली. ते परत आलं नाही.

इंद्रजित आता शाळेत जातो. तब्येत चांगली. हुशार. रडत मात्र नाही. ती एक संध्याकाळ सोडली तर नाहीच. कधी कधी सकाळी अंजना त्याचे केस विंचरताना डावा कान पुढं करून बघते. कधी तीट असते, कधी नसते.

ती पुसत नाही.

आणि ती कुणालाही 'या' म्हणत नाही. तो शब्द तिनं एकदा दिलेला आहे. त्या घरात तो आता दुसऱ्या कुणाला देता येत नाही.

एवढं सांगून ताईनं तांदळाचं ताट बाजूला ठेवलं. ही परवाच्या दिवाळीतली गोष्ट. दुपारची वेळ, दादासो कामावर, इंद्रजित बाहेर गोट्या खेळत होता. मी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. "ताई, वायरिंग तपासून घे एकदा," असं काहीतरी म्हणालो. ती हसली नाही.

मी उठलो. चपला शोधल्या. आणि माझ्या तोंडून, जसं आजवर हजार वेळा आलंय तसंच, आलं.

"येतो गं ताई."

ताईनं ओठ घट्ट मिटले. माझ्याकडं असं बघितलं, जसं मी तिच्या पुढ्यात काही तरी फोडलं होतं.

मी तिच्या ओठांकडंच बघत होतो. शपथेवर सांगतो, ते हलले नाहीत.

आतल्या खोलीत, जिथं तुळईला पाळण्याच्या कड्या अजून तशाच आहेत, तिथून कुणीतरी म्हणालं...

"या."

मी कोपऱ्यापर्यंत चपला हातात घेऊनच आलो.

त्यानंतर तिकडं गेलेलो नाही. ताईची खुशाली पत्रानं कळते. पण मी 'येतो' म्हणून आलोय, आणि तिकडून 'या' आलंय. झुंबरबाईही असंच म्हणून निघाली होती.

जिवंतपणी जायचं धाडस होत नाही.

आणि मग मेल्यावर जावं लागेल, भीती नेमकी त्याचीच वाटते.